मोठ्या आवाजाचं बटण

सासऱ्यांनी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. त्यांनी ते पुन्हा दाबलं, मग जरा जोर लावून दाबलं, मग बोट तसंच दाबून धरलं. लॅपटॉपमधून थोरल्या मुलीचा आवाज मघासारखाच येत राहिला, म्हणजे शेजारच्या घरात दार लावून, उशीत तोंड खुपसून कुणीतरी तक्रार सांगतंय, असा.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “हे बटण शोभेचं आहे का?”

जावईबापू खिडकीशी उभे होते. रविवारची दुपार कलली होती. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर वाऱ्यानं फुगत होती आणि बसत होती, आणि तिच्याकडे बघता बघता ते बरेच लांब गेले होते. परत यायला त्यांना थोडा वेळ लागला. वजनमापांच्या कार्यालयात ते निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, काटा मध्यावर स्थिर झाला की शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. पण काटा स्थिर झाल्यावरही ते त्याच्याकडे बघतच राहत. एकदोन दुकानदारांनी तर या नजरेला घाबरून विचारलेलं नसताना आपण होऊन दोष कबूल केले होते. कार्यालयानं त्यांचं नाव तंद्रीनाथ ठेवलं. ते घरापर्यंत कसं पोचलं कुणास ठाऊक, पण पोचलं. आपणही तेच वापरू.

तर तंद्रीनाथ लॅपटॉपपाशी आले. अक्षरांच्या वर सहा बटणांची एक वेगळी रांग होती, जरा उंच, बोटाला कळेल अशी. पहिल्यावर फुली मारलेला कर्णा, दुसऱ्यावर छोटा कर्णा, तिसऱ्यावर मोठा. मग मंद सूर्य, मग प्रखर सूर्य आणि सगळ्यात शेवटी चंद्र. आवाज, उजेड आणि झोप, एवढं सगळं त्या सहा बटणांत मावलं होतं. तंद्रीनाथांनी सहाही बटणं दाबून पाहिली. आवाज हलला नाही, उजेड हलला नाही, आणि चंद्र दाबूनही कुणी झोपलं नाही.

हे बटण महत्त्वाचं होतं, कारण सासऱ्यांची नजर गेल्या वर्षापासून गेली होती. माणूस समोर आहे एवढं कळे, तो कोण हे त्यानं बोलल्यावर. वाचनाचं वेड जन्माचं. म्हणून थोरली मुलगी तिच्या दूरच्या गावाहून रोज दुपारी फोनऐवजी लॅपटॉपवर यायची आणि एक जाडजूड कादंबरी त्यांना वाचून दाखवायची. तेव्हा तंद्रीनाथ आणि त्यांची बायको, दोघंही कामावर असत. लॅपटॉप आपोआप कॉल उचलायचा. पडद्यावरची बाणाची खूण सासऱ्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता, पण बोटानं बटण मात्र नेमकं सापडत होतं. आणि त्यांचं म्हणणं साधं होतं. “चहा तुम्ही देता, पेपर तुम्ही वाचता, औषध तुम्ही काढता. निदान आवाज तरी मला माझ्या हातानं वाढवू द्या.”

कुणी म्हणेल, सकाळी जातानाच आवाज मोठा करून ठेवायचा. तसं एकदा केलं होतं. दुपारी कॉलची घंटी अशी खणखणली की खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडलेल्या एका सभ्य गृहस्थांनी डॉक्टरांच्या बोटाचा चावा घेतला. डॉक्टर बोट धरून वर आले होते. तेव्हापासून आवाज मध्याच्या वर ठेवायचा नाही, असा दोन मजल्यांत तह झाला होता.

संध्याकाळी साडूंचा फोन आला. साडू म्हणजे थोरलीचा नवरा. लॅपटॉप त्यांनीच पाठवला होता, स्वतःचा जुना.

“साडूबुवा,” ते म्हणाले, “हिचा घसा पार बसलाय. बाबांना ऐकू यावं म्हणून ओरडून वाचते. काल शेजारच्या बाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, घरात काही असेल तर बोलून मोकळे व्हा. असंच चालणार असेल तर वाचन बंद करू या.”

“आवाजाची बटणं चालत नाहीत त्यावरची,” तंद्रीनाथ म्हणाले.

“त्यात मी लिनक्स टाकलंय. लिनक्समध्ये सगळं चालतं. फक्त चालवावं लागतं.”

“मग तुम्ही जरा सांगता का, कसं ते?”

“मला कुठला वेळ? आणि राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं ते.”

हे वाक्य साडूंनी बोलायला नको होतं. आपल्याला जमणार नाही हे तंद्रीनाथांनाही माहीत होतं, पण ते साडूंकडून कळणं वेगळं. “पुढच्या रविवारी बाबा आपल्या हातानं आवाज वाढवतील,” ते म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर आपण हे कुणाच्या आवाजात बोललो याचं त्यांना बराच वेळ नवल वाटत राहिलं.

बायको आतून म्हणाली, “अहो, गोल बटणाचा एक बाहेरचा स्पीकर आणू या. बाबा फिरवतील. झालं.”

सूचना अगदी योग्य होती, आणि तिच्यात तेवढाच एक दोष होता. प्रश्न आता आवाजाचा राहिला नव्हता. “बघू,” तंद्रीनाथ म्हणाले. संसारात या शब्दाचा अर्थ काय होतो हे बायकोला ठाऊक होतं, त्यामुळे तिनं विषय सोडला.

इथे लिनक्सबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. लॅपटॉप चालवणारी ही एक व्यवस्था आहे. ती फुकट मिळते, आणि मोबदल्यात तुमच्या दुपारी घेते. तंद्रीनाथांकडे दुपारी होत्या, पण त्या त्यांनी आजवर वेगळ्या कामी लावल्या होत्या.

पहिला सल्ला दातांच्या डॉक्टरांनी दिला. न मागता. ते तहाची पाहणी करायला वर आले होते. बोटाला अजून पट्टी होती.

“बटणाखाली घाण बसते,” ते म्हणाले. “सगळं मुळाशी असतं.” त्यांनी खिशातून टोकाला वाकवलेली बारीक सळई काढली, लॅपटॉप खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि एकेका बटणाच्या कडेनं सळई फिरवत प्रत्येकावर हलकेच टकटक केली. सवयीनं मध्येच विचारलंही, “इथे दुखतं?” तंद्रीनाथांनीही सवयीनं म्हटलं, “थोडं.”

मोठ्या कर्ण्यापाशी डॉक्टर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर ती दया आली जी माणसाला घाम फोडते. “हे हलतंय,” ते म्हणाले, आणि काय होतंय हे कळायच्या आत ‘टक्’ असा आवाज होऊन मोठा कर्णा निघून त्यांच्या तळहातावर आला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून पाहिला. “मूळ शाबूत आहे,” ते समाधानानं म्हणाले. पुन्हा बसवायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटी बसवला तेव्हा तो किंचित तिरपा बसला. “तासभर यावर जोर देऊ नका,” असं सांगून डॉक्टर खाली गेले. बटण चालत नव्हतंच. आता ते चालत नसताना तिरपंही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून लवकर निघून तंद्रीनाथ कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. काचेच्या दोन खिडक्या होत्या. एकीवर हार्डवेअर, दुसरीवर सॉफ्टवेअर. हार्डवेअरच्या बाईंनी यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “बटणं उत्तम आहेत. दोष आतल्या कारभारात आहे. पलीकडे जा.” सॉफ्टवेअरच्या गृहस्थांनी लॅपटॉप उघडला, लिनक्स पाहिलं आणि पाहुण्यानं चुकून दुसऱ्याच्या घरात काढलेली चप्पल पुन्हा घालावी तसा लगेच मिटला. “हा कारभार आमचा नाही,” ते म्हणाले. “आमच्या कारभारात बटणं चालतात.”

“पण बटणं तर तुमचीच आहेत.”

“म्हणून तर हार्डवेअरला जा म्हणतो.”

तंद्रीनाथ स्वतः सरकारी माणूस. एवढ्या स्वच्छ टोलवाटोलवीची त्यांना कदर होती. राग यायच्या ऐवजी ते दोन खिडक्यांच्या मधल्या बाकावर बसले आणि बघत राहिले. दोन्ही खिडक्यांतली माणसं पाण्यातल्या माशांसारखी ओठ हलवत होती. जिथे बोट संपतं आणि यंत्र सुरू होतं तिथे एक अरुंद पट्टी आहे, कुणाच्याच हद्दीत नसलेली, असं त्यांना वाटलं. तिथे गवत वाढलं असेल. तिथे दुपारी छान झोप लागत असेल. “अहो साहेब,” हार्डवेअरच्या बाईंनी काचेवर टिचकी मारली, “बंद करायची वेळ झाली.”

मग त्यांनी लिनक्सवाल्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर प्रश्न टाकला. ही मंडळी जगभर पसरलेली असतात, खऱ्या नावानं कधी बोलत नाहीत, आणि प्रश्न विचारणाऱ्याला आधी थोडं लाजवून मगच मदत करतात. पहिल्यानं लिहिलं, हे पूर्वी विचारून झालंय. दुसऱ्यानं लिहिलं, कुठे? त्यावर पहिल्याचं आणि दुसऱ्याचं जुंपलं, ते दोन दिवस चाललं, आणि तंद्रीनाथ आपल्याच दारात दुसऱ्यांचं भांडण ऐकल्यासारखे ते वाचत राहिले. शेवटी ‘पाणघोडा’ असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी शांतपणे विचारलं, “बटण दाबल्यावर यंत्र काय म्हणतं?”

हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. यंत्र आपल्या मनातलं एका दैनंदिनीत लिहीत असतं, ती कशी उघडायची तेही पाणघोड्यानं सांगितलं होतं. तंद्रीनाथांनी ती उघडली आणि मोठ्या कर्ण्याचं तिरपं बटण दाबलं. पडद्यावर ओळ उमटली. तिचा अर्थ असा होता की, एक अनोळखी कळ दाबली गेली आहे, तिचा क्रमांक अमुक आहे, कृपया तिची ओळख करून द्यावी.

तंद्रीनाथ हलले. म्हणजे इतके दिवस यंत्र बहिरं नव्हतं. दारावर थाप पडत होती, आत ती ऐकूही जात होती, पण कोण आलंय हे माहीत नसल्यामुळे घरातलं माणूस कडीला हात लावून नुसतं उभं होतं. सासरे आत आले तेव्हा हे त्यांना सांगायचं होतं, पण शब्द जुळेनात. “बाबा, त्याला कळतंय,” एवढंच ते म्हणाले. “बरं,” सासरे म्हणाले आणि चाचपडत आपल्या खुर्चीकडे गेले.

उपाय आता सोपा होता. बटणं ओळीनं दाबायची, प्रत्येकाचा क्रमांक टिपायचा, आणि एका फायलीत लिहून द्यायचं की हा आला तर आवाज वाढव, हा आला तर कमी कर. पाणघोड्यानं नमुना दिला होता. तंद्रीनाथांनी त्याबरहुकूम लिहिलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा मंचावर. पाणघोड्यानं विचारलं, “प्रत्येक ओळीच्या आधी एक रिकामी जागा सोडली आहे ना?” नमुन्यात ती होती. ती टंकताना झालेली चूक समजून तंद्रीनाथांनी नीटनेटकेपणानं सगळ्या ओळी कडेला आणून बसवल्या होत्या. त्या एका मोकळ्या जागेवाचून यंत्र पुढचं काही वाचतच नाही, असं पाणघोडा म्हणाला. हे तंद्रीनाथांना अजिबात खटकलं नाही. उलट प्रथमच त्यांना वाटलं, हे यंत्र समजूतदार आहे.

जागा सोडल्या. लॅपटॉप पुन्हा चालू झाला तेव्हा वाचनाची वेळ होतच आली होती. यासाठीच त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. तपासून बघायला वेळ नव्हता. कॉल आला, घंटी तहाच्या मर्यादेत वाजली, थोरलीचा घोगरा आवाज सुरू झाला.

“दाबा बाबा,” तंद्रीनाथ म्हणाले. “मोठा कर्णा.”

सासऱ्यांनी दाबलं. आवाज वाढला नाही, पण पडद्याचा उजेड किंचित कमी झाला. सासऱ्यांना ते दिसलं नाही. त्यांनी आणखी दाबलं. पडदा आणखी मावळला. खोलीत ढग आल्यासारखं झालं. “वाढत नाहीये,” असं म्हणून सासऱ्यांनी बोट तसंच धरलं, आणि थोरलीचा चेहरा संधिप्रकाशातून काळोखात गेला.

झालं होतं ते असं. क्रमांक टिपताना दुसऱ्या बटणापाशी खिडकीतून एक बोंडाचा कापूस तरंगत आत आला होता. त्याच्या नादात तंद्रीनाथांची ओळ एका घरानं सरकली होती. आता प्रत्येक बटण शेजाऱ्याचं काम करत होतं. हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, पण काळा पडदा बघून त्यांचा धीर सुटला. त्यांनी घाईनं प्रखर सूर्याचं बटण दाबलं. प्रखर सूर्याच्या शेजारी चंद्र होता. लॅपटॉपनं एक निःश्वास टाकला आणि तो झोपी गेला.

खोली अगदी शांत झाली. खालून डॉक्टरांचं दात कोरायचं यंत्र भुंग्यासारखं गुणगुणत होतं.

“गेली का ती?” सासऱ्यांनी विचारलं.

“झोपलं,” तंद्रीनाथ म्हणाले.

“ती?”

“यंत्र.”

थोड्याच वेळात साडूंचा फोन. थोरलीनं चष्मा पुस्तकात खुपसलेला, त्यामुळे इकडे कुणी नाही हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. अर्धं प्रकरण तिनं भिंतीला वाचून दाखवलं होतं, तेही टिपेच्या स्वरात. “साडूबुवा,” साडू म्हणाले, “तुमचे प्रयोग आता थांबवा. मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं.”

त्याहून वाईट पुढे झालं. सासऱ्यांनी फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. ते मऊ आवाजात म्हणाले, “जावईबापू, राहू द्या. इतकं काही अडलेलं नाही माझं.” इतक्या वर्षांत सासरे त्यांच्याशी मऊ आवाजात कधी बोलले नव्हते, आणि आज बोलले ते कीव येऊन. तंद्रीनाथ गच्चीत जाऊन उभे राहिले. बायको कामावरून आल्यावर मागून आली, तिला सगळं कळलंच होतं. स्पीकरचं नाव तिनं काढलं नाही. “रविवार अजून आला नाहीये,” एवढंच म्हणाली.

शनिवारी त्यांनी खिडकी लावून घेतली आणि सगळे क्रमांक नव्यानं टिपले. तराजू तपासताना लावत तेवढं लक्ष लावलं. प्रत्येक ओळीआधी एक जागा सोडली. दाबून पाहिलं. मोठ्या कर्ण्यानं आवाज वाढला, छोट्यानं कमी झाला, सूर्य सूर्यासारखे वागले. चंद्राला त्यांनी ओळखच दिली नाही. तो अनोळखीच बरा, असं त्यांना वाटलं.

रविवारी सगळे जमले. बायको पलंगावर, तंद्रीनाथ दाराशी. तिकडे थोरलीच्या मागे साडू उभे होते, हाताची घडी घालून, साक्षीदारासारखे. कॉल लागला. सासऱ्यांचं बोट रांगेवरून सरकत तिरप्या बटणावर आलं, आणि त्यांनी दाबलं.

आवाज वाढला. पुन्हा दाबलं, आणखी वाढला. थोरलीचा आवाज दाराआडून खोलीत आला, खुर्चीपर्यंत आला. “हळू बोल,” सासरे म्हणाले. “ओरडू नकोस. ऐकू येतंय सगळं.” तिकडे साडूंची घडी सुटली. तंद्रीनाथांनी चौकटीला टेकून डोळे मिटले. आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत आणि ते उभ्यानं घेणं बरं नाही, पण जवळ खुर्ची नव्हती.

थोरली नेहमीच्या आवाजात वाचू लागली. “थोरल्या वारसानं तळमजल्यावर दावा लावला होता, आणि तो आता जिन्याशी उभा राहून वकिलाची वाट पाहत होता...”

“काय लावला?” सासऱ्यांनी विचारलं.

“दावा, बाबा.”

“कशावर?”

“तळमजल्यावर. घराच्या वाटणीचा खटला नाही का, पहिल्यापासून चाललाय तो.”

“आणि वाट कुणाची पाहतोय?”

“वकिलाची.”

थोरलीनं आणखी एक पान वाचलं. त्यात मोजणी होती, साक्षी होत्या, एक नकाशा होता. सासऱ्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग त्यांचं बोट सरकलं आणि छोट्या कर्ण्यावर आलं. त्यांनी दाबलं, दाबत राहिले, आणि मुलीचा आवाज पुन्हा दाराआड जाऊन पुटपुटू लागला तेव्हा थांबले. खुर्चीला मान टेकून म्हणाले, “हां. आता बरं येतंय.”

“बाबा,” बायको म्हणाली, “इतका खटाटोप केला यांनी, आणि कमी काय करताय?”

सासरे जरा ओशाळले. “अगं, इतके दिवस मला वेगळंच ऐकू येत होतं,” ते म्हणाले. “थोरल्या सारसानं दिवा लावला, असं. तळमजला नाही, नुसतं तळं. आणि वकिलाच्या जागी कोकीळ यायची होती. ती कोट घालून येते असं ऐकलं होतं, म्हणजे ही कोर्टाचं काही वाचत असेल. मला वाटायचं, काय सुंदर लिहिलंय. रात्र झालीय, तळ्याकाठी एक सारस दिवा लावून उभा आहे आणि कुणाची तरी वाट बघतोय. थोडं ऐकू यायचं, थोडं मी भरायचो. हे खटल्याचं मला माहीतच नव्हतं.”

तंद्रीनाथांना आपला आठवडा डोळ्यांपुढे दिसला, डॉक्टर, दोन खिडक्या, पाणघोडा, आणि नवल म्हणजे त्यांना वाईट वाटेना. लॅपटॉप अगदी बारीक आवाजात काहीतरी विचारत होता. सासऱ्यांनी बोटानं मोठा कर्णा शोधून दोनदा दाबला.

“बाबा, मी पुस्तक मिटलंय,” थोरली म्हणत होती. “सारसाचं पुढे काय झालं ते सांगा.” मागून साडूंनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“तेच तर अडलंय माझं,” सासरे म्हणाले. “दिवा लावला, वाट बघतोय, पण कोकीळ येईपर्यंत रात्र सरत नाही.” मग दाराच्या दिशेला तोंड करून म्हणाले, “जावईबापू, तुम्ही सांगा. अशा वेळी काय करावं सारसानं?”

तंद्रीनाथ केव्हाच तळ्यापाशी पोचले होते. पाणी काळंभोर होतं आणि दिव्याची ज्योत त्यात लांब होऊन हलत होती. त्यांनी नीट पाहिलं. आयुष्यभर मापं तपासली होती, ती सवय इथेही त्यांच्याबरोबर आली होती.

“दिव्यात तेल किती आहे, ते आधी बघावं लागेल,” ते म्हणाले.

सासरे विचारात पडले. “खरंच की,” ते म्हणाले, “तेल मी धरलंच नव्हतं.” आणि त्यांनी पायानं चाचपून खुर्चीजवळचं स्टूल पुढे सरकवलं. “बसा इथे. जवळ बसा. किती आहे बघा बरं.”